लसीच्या फेऱ्या, बाळाचे माइलस्टोन आणि रात्री दोनची काळजी: नक्की काय बघायचं, कधी थांबायचं, कधी नाही

घरात बाळ आलं की मोजमाप करणारे चिक्कार लोक तयार होतात. पलीकडच्या विंगमधल्या काकू, गावाकडची आत्या, फॅमिली ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग टाकणारे मामा, सगळ्यांचा एकच प्रश्न, "अजून पालथं पडत नाही का गं?" आणि ज्यांनी खरंच मोजायला हवं त्या दवाखान्यात मात्र लसीच्या दिवशी बाहेर ढीगभर बाळं रडत असतात, आत गेलं की वजन, सुई, तापाचं औषध किती एमएल, पुढची तारीख, झालं. मग रात्री दोन वाजता दूध पाजता पाजता आई मोबाईलवर शोधत बसते आणि उजाडेपर्यंत बाळाला चार आजार होऊन गेलेले असतात.

मी डॉक्टर नाही, आई आहे, आणि आमच्याकडे एक बाळ वेळेच्या बरंच आधी आलेलं त्यामुळे या सगळ्या रांगांमध्ये उभी राहिलेय. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे विकासाची तपासणी म्हणून वेगळी अपॉइंटमेंट बहुतेकांना कोणी देत नाही, लसीची फेरी हीच काय ती तपासणी, आणि लसीचं वेळापत्रक बनलंय रोगांच्या हिशोबाने, बाळाच्या मेंदूच्या वाढीच्या हिशोबाने नाही. सरकारी वेळापत्रक बघा: जन्माच्या वेळी, मग ६, १० आणि १४ आठवडे, आणि मग थेट ९ महिने. म्हणजे साडेतीन महिन्यांपासून नवव्या महिन्यापर्यंत सुईसाठी जायचं कारणच नाही, आणि नेमकं याच काळात मान धरणं, हात उघडणं, बसणं, आवाज काढणं सगळं घडत असतं. पुढे १६ ते २४ महिन्यांत बूस्टर झाला की पुढची मोठी लस पाचव्या वर्षी. मधली तीन वर्षं व्हिटॅमिन ए चे डोस सोडले तर काही नाही, आणि बोलणं, मिसळणं, ऑटिझमची (मेंदूच्या वाढीतला असा फरक, ज्यात बोलणं-मिसळणं वेगळं असतं) लक्षणं हे सगळं लक्षात येतं ते दीड ते अडीच वर्षांत. प्रायव्हेटमध्ये सहा महिन्यांना फ्लू वगैरे असल्याने फेऱ्या थोड्या जास्त होतात, पण दीड वर्षानंतर तिथेही विरळच.

तर ही भोकं आपणच बुजवायची, आणि त्यासाठी कोर्स वगैरे काही करायला लागत नाही.

आधी कागद गोळा करा

सरकारी माता बाल संरक्षण कार्ड, म्हणजे एमसीपी कार्ड, ते बऱ्याच जणांकडे असतं पण लसीचं पान सोडून कोणी उघडत नाही. त्यात वाढीचा तक्ता आहे आणि कुठल्या वयात बाळ काय करतं याची चित्रं पण आहेत, सोबत कधी लगेच दाखवायचं तेही दिलेलं आहे. डिलिव्हरी प्रायव्हेटमध्ये झाली असेल तरी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत नाव नोंदवून हे कार्ड मागा, सेविका ताई देतात, लाजायचं कारण नाही.

दुसरा कागद डिस्चार्ज समरी. ही हरवते, किंवा फाईलच्या तळाशी जाते, आणि दोन वर्षांनी थेरपिस्ट सगळ्यात आधी तीच मागतात. त्यात हे आहे का बघा: किती आठवड्यांना जन्म, वजन, जन्मल्यावर लगेच रडलं का, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, होतं का, कावीळ किती होती, साखर कमी झाली होती का, झटके आले होते का. आणि थायरॉइडची टीएसएच टेस्ट आणि कानाची ओएई टेस्ट झाली का. थायरॉइड जन्मतः कमी असेल तर बाळ दिसायला अगदी नॉर्मल असू शकतं, औषध स्वस्त, एक गोळी, पण उशीर झाला तर बुद्धीवर कायमचा परिणाम होतो. टेस्ट झाली की नाही ते समरीत लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा.

वय नीट मोजा

वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या आईला यातून खूप विनाकारण त्रास होतो. हिशोब सोपा आहे. चाळीस आठवड्यांतून जितके आठवडे आधी आलं तितके वयातून वजा. बाळ ३२ आठवड्यांना आलं म्हणजे ८ आठवडे आधी, म्हणजे कॅलेंडरने सहा महिन्यांचं झालं तरी माइलस्टोनसाठी, म्हणजे कुठल्या वयात काय यायला हवं त्यासाठी, ते चार महिन्यांचं. हा हिशोब साधारण दोन वर्षांपर्यंत धरायचा. पण लसी मात्र खऱ्या जन्मतारखेनेच, तिथे वजाबाकी नाही, हे उलटं करणारे आईबाबा पुष्कळ बघितलेत.

आणि अशा बाळांना दोन तपासण्या ठरलेल्या, डोळ्याची आरओपी तपासणी (आरओपी म्हणजे वेळेआधी आलेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) आणि कानाची. ३४ आठवड्यांच्या आत जन्म किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल तर डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लहान बाळ असेल तर त्याच्याही आधी. सवा महिना घराबाहेर काढायचं नाही म्हणून घरात अडून बसतात लोक, या एका गोष्टीसाठी तो नियम मोडा, कारण आरओपीत काही आठवड्यांत दृष्टी जाऊ शकते.

तारीख नाही, पट्टा बघा

जागतिक आरोग्य संघटनेने बाळं कधी बसतात, उभी राहतात, चालतात याचा मोठा अभ्यास केला होता, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांत, निकाल २००६ साली आले. त्यातले आकडे मी प्रत्येक नव्या आईला पाठवते. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने. आधाराशिवाय उभं राहणं ६.९ ते १६.९. स्वतः चालणं ८.२ ते १७.६ महिने. हा सगळा नॉर्मलचा पट्टा. म्हणजे एक बाळ नऊ महिन्यांत चालेल, दुसरं सतराव्या महिन्यात, आणि दोन्ही ठणठणीत. जवळपास चार टक्के बाळं तर रांगलीच नाहीत, बुडावर सरकली किंवा सरळ उठून उभी राहिली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये त्यांची माइलस्टोनची यादी बदलली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. त्यामुळे "रांगलं नाही म्हणजे गणितात कच्चं राहणार" छापाचं जे रील फिरतं ते सोडून द्या.

पण पट्ट्याला शेवट असतो हेही तितकंच खरं. १८ महिने पूर्ण झाले आणि चालत नाही तर "आमच्याकडे सगळे उशिराच चालले" हे उत्तर नाही, दाखवायचं.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. आपल्या घरांमध्ये सगळं लक्ष पायांवर असतं. पालथं पडलं, बसलं, उभं राहिलं, चाललं, आणि दात. (दातांचा आणि बुद्धीचा काही संबंध नाही, वर्ष झालं तरी एकही दात नाही असं होऊ शकतं, दात हा वेगळा विषय.) आणि ज्या गोष्टी शांतपणे घडतात त्या कोणी मोजतच नाही: बाळ चेहऱ्याकडे बघतं का, हसल्यावर हसतं का, हाक मारल्यावर वळतं का, हवं ते बोटाने दाखवतं का, आपण ज्याच्याकडे बघतोय तिकडे तेही बघतं का. वेळेवर चाललेलं, गोड, शांत, अजिबात त्रास न देणारं, एकटं एकटं खेळणारं बाळ सगळ्यांचं लाडकं असतं आणि त्याच्याबद्दल कोणालाच प्रश्न पडत नाही, पण "किती शहाणं आहे, आईची आठवणसुद्धा काढत नाही" हे वाक्य ऐकलं की मी कान टवकारते.

कुठल्या वयाला काय बघायचं

दीड महिन्याच्या लसीला: चेहऱ्यावर नजर स्थिर होते का, मोठ्या आवाजाला दचकतं का, तुमच्याकडे बघून हसायला लागलंय का. दोन महिन्यांपर्यंत बहुतेक बाळं हसतात, तीन महिने झाले तरी हसत नाही, नजर देत नाही तर सांगा. डॉक्टरांना मांड्या फाकवून खुब्याचे सांधे बघायला सांगा आणि डोक्याचा घेर मोजायला सांगा. हा घेर मोजायचा राहूनच जातो बऱ्याच ठिकाणी, एका टेपचं काम आहे. जन्माला साधारण ३४-३५ सेंटीमीटर, वर्षाला ४५-४६ च्या आसपास. एका आकड्यापेक्षा तो वाढतोय कसा हे महत्त्वाचं, वाढ थांबली किंवा फार भरभर झाली तर दोन्ही बघायला लागतं.

साडेतीन महिन्यांना: मान. चार महिने पूर्ण होऊन मान धरली नाही तर थांबायचं नाही. मुठी बहुतेक वेळ उघड्या असायला हव्यात, खेळणं या बाजूकडून त्या बाजूला नेलं की नजर मागे जायला हवी, "आऽ ऊऽ" असे आवाज.

मग ती मोठी गॅप. यात सहा महिन्यांची एक फेरी स्वतःहून घ्या, लस असो नसो. आशाताई तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना घरी यायच्या असतात, तो सरकारी कार्यक्रमच आहे, त्या आल्या तर चहा देऊन पाठवू नका, कार्ड समोर ठेवून विचारा. (घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून करून दाखवली, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आले, आणि आज देशभर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात त्यामागे ते काम आहे.) सहा महिन्यांना बघायचं ते असं: हात पुढे करून वस्तू पकडतं का, दोन्ही हात सारखे वापरतं का, आवाजाकडे मान वळवतं का, खिदळतं का. एकच हात वापरत असेल तर "डावखुरं होणार बघ" म्हणून कौतुक करू नका, वर्षाच्या आत एकाच हाताची सवय म्हणजे दुसरा हात कमी चालतोय का हे तपासायला हवं.

नऊ महिन्यांना, गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी: बसतं का, एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू घेतं का, "बाबाबा, दादादा" सुरू आहे का, स्वतःचं नाव कळतं का, अनोळखी माणसाला बघून बावरतं का. कोणाकडेही तितक्याच आनंदाने जातं आणि आईकडे परत यायची घाईच नाही, तर तेही सांगा.

वर्षाला टाटा, टाळ्या, बाप्पाला नमस्कार, बुवाकुक, असलं काहीतरी नक्कल करून करायला हवं. दीड वर्षाला चालणं, काही शब्द, आणि बोट दाखवणं. फक्त "मला ते दे" वालं बोट नाही, "बघ, भूभू!" असं नुसतं तुम्हाला दाखवण्यासाठीचं बोट. त्या बोटाला मी शब्दांपेक्षा जास्त मार्क देते. दोन वर्षांना दोन शब्द जोडून, "बाबा ये", "पाणी दे". आणि दोन आणि अडीच वर्षांना, कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, लस नसली तरी एकेक चक्कर.

यात थांबायचं नाही

बाकी सगळीकडे थोडं मागेपुढे चालतं. इथे नाही:

- येत असलेली गोष्ट गेली. बोलत होतं ते बंद झालं, बसत होतं ते कोलमडायला लागलं, नजर द्यायचं ते देत नाही. वय कुठलंही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर.
- वर्ष झालं तरी बडबड नाही, टाटा नाही, बोट दाखवणं नाही. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही. दोन वर्षांना दोन शब्दांचं स्वतःचं वाक्य नाही.
- अंग फार कडक, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे आवळले जातात, किंवा उलट अगदी ढिलं, उचललं की हातातून निसटतंय असं वाटतं.
- डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसणं, डोळे सतत हलत राहणं.
- आणि झटके.

झटक्यांबद्दल जरा सविस्तर, कारण हे घरोघरी चुकतं. इन्फंटाइल स्पाझम नावाचा प्रकार आहे, साधारण चार ते आठ महिन्यांच्या बाळांत सुरू होतो, आणि तो सिनेमात दाखवतात तशा फिटसारखा अजिबात दिसत नाही. बाळ झोपेतून उठतं आणि अचानक मान खाली, हात वर किंवा पुढे, सेकंद दोन सेकंद, मग सैल, मग परत, परत, असं ओळीने. घरचे म्हणतात पोटात गुबारा धरलाय, दचकतंय, जावळ काढलं की थांबेल. आधी हसणारं बाळ हळूहळू मख्ख व्हायला लागतं. असं ओळीने होताना दिसलं तर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पुढच्या लसीची वाट नको. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढतात, औषध आहे, आणि औषध किती लवकर सुरू झालं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

आणखी एक, शाकाहारी घरांसाठी खास. आईच्या अंगात बी-१२ कमी असेल आणि बाळ फक्त तिच्या दुधावर असेल, पुढे वरचं खाणंही नीट सुरू झालं नसेल, तर सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान बाळ मलूल होतं, हसणं कमी, शिकलेलं विसरतं, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, केस विरळ भुरे, कधी हातपाय थरथरतात. दिसायला बाळ गुबगुबीत असतं त्यामुळे कोणाला शंका येत नाही. हे इंजेक्शनने सुधारतं, पण ओळखायला हवं, आणि आईनेही स्वतःची तपासणी करायला हवी, बाळंतपणात आईचं रक्त हिमोग्लोबिनच्या पलीकडे फारसं कोणी बघत नाही.

डॉक्टरांपुढे काय बोलायचं

"थोडं स्लो वाटतंय" असं म्हटलं की उत्तर येतं "नाही हो, ठीक आहे", कारण त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. त्याऐवजी असं: "नऊ महिने पूर्ण झाले, सातव्या महिन्यापासून बसतं, पण मागून नाव घेतलं तर वळत नाही, टीव्हीच्या आवाजाला मात्र वळतं." वय, काय येतं, काय येत नाही, कधीपासून.

दवाखान्यात बाळ घाबरतं, रडतं, एरवी करतं त्यातलं काही करत नाही, म्हणून घरूनच छोटे व्हिडिओ न्या. अर्ध्या-एक मिनिटाचे, चेहरा आणि पूर्ण अंग दिसेल असे: पालथं झोपवल्यावर काय करतं, खेळताना हात, मागून हाक मारल्यावर, आणि जे खटकतंय ते. फिल्टर आणि गाणी नकोत. महिन्यातून एकदा काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले तरी पुढे फार कामाला येतात, मागे काय येत होतं हे आठवून सांगता येत नाही पण दाखवता येतं.

गर्दीच्या लसीच्या दिवशी हे होणार नाही असं वाटलं तर रिसेप्शनवर सांगून लसीशिवायची वेगळी वेळ घ्या, कन्सल्टेशन फी लागेल, लागू दे. आणि तिथे विचारा की विकासाचं स्क्रीनिंग, म्हणजे पहिली चाळणी, कुठल्या फॉर्मने करता. केरळमधून आलेला त्रिवेंद्रम चार्ट आहे, पाच मिनिटांत होतो, १६ ते ३० महिन्यांसाठी ऑटिझमसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. नुसतं बघून "अॅक्टिव्ह आहे" म्हणणं हे स्क्रीनिंग नव्हे. आणि एम-चॅट पॉझिटिव्ह आला म्हणजे ऑटिझम आहे असं नाही, पुढे नीट बघायला हवं एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, डॉक्टर "बघू, थांबू" म्हणाले तर: "कधीपर्यंत थांबू, आणि तोपर्यंत काय यायला हवं?" उत्तरात तारीख असेल, "सहा आठवड्यांनी या, तोवर बडबड सुरू झाली नसेल तर कानाची टेस्ट करू", तर निर्धास्त घरी जा, तो चांगला सल्ला आहे. तारीख नसेल तर तो सल्ला नाहीच, दुसरीकडे दाखवा. वाईट वाटून घेतील म्हणून गप्प बसू नका.

वजनाचा धसका

या विषयावर घरात सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून थोडक्यात. पहिल्या आठवड्यात वजन कमी होतंच, दहा टक्क्यांपर्यंत, दहा ते चौदा दिवसांत भरून निघतं. साधारण पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो, तेव्हा "वजनच वाढत नाही" म्हणून बाटली, पावडर, बिस्किटं सुरू होतात, नको. तक्त्यावर बाळ स्वतःच्या रेषेच्या आसपास चाललंय ना ते बघा, शेजारच्या पिंट्याच्या रेषेशी काय करायचंय. दोन मोठ्या रेषा ओलांडून खाली आलं तर मात्र विचारा. आणि दर वेळी त्याच काट्यावर, कपडे काढून. सहा महिन्यांनंतर लोहाचं सिरप, सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा एक एमएल असतं, ते चुकवू नका, रक्त कमी असलेलं बाळ शिकण्यातही मागे पडतं.

बोलत नाही? आधी कान

"मुलगे उशिराच बोलतात." "त्याचे बाबा तीन वर्षांनी बोलले, आज मॅनेजर आहेत." "घरात मराठी, शेजारी हिंदी, डेकेअरमध्ये इंग्लिश, गोंधळतंय बिचारं." तिन्ही वाक्यांनी वर्ष वर्ष वाया जातं. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे, आणि "मम्", "भूभू" हे पण शब्दच, दर वेळी त्याच गोष्टीसाठी वापरत असेल तर.

बोलायला उशीर म्हणजे पहिली तपासणी कानाची, दरवाजा आपटून दचकतं म्हणून ऐकू येतं असं नसतं. जन्माच्या वेळी ओएई पास असलं तरी एनआयसीयूत राहिलेल्या किंवा जास्त कावीळ झालेल्या बाळाला बेरा टेस्ट, म्हणजे कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची तपासणी, करावी लागते, कारण कान ठीक आणि पुढची नस नाही असं होऊ शकतं. ऐकण्याच्या बाबतीत जगभर धरतात तो हिशोब १-३-६ चा: एक महिन्यात स्क्रीनिंग, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत मशीन किंवा उपचार सुरू. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे, प्रायव्हेटपेक्षा खूप कमी खर्चात होतं.

आणि मोबाईल. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाहीच, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. जेवताना मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही हे मला माहितेय, सगळ्यांना माहितेय, तरीपण. गाडीत बसवून सोडतात तो वॉकरही नको, त्याने चालणं लवकर येत नाही उलट लांबतं आणि जिन्यावरून पडतात, कॅनडाने तर २००४ पासून विक्रीवर बंदी घातलीये. त्या पैशात एक जाड सतरंजी घ्या आणि बाळाला जागं असताना जमिनीवर पालथं सोडा.

पुढे कुठे जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, हा २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, पण शहरातल्या निम्म्या आईबाबांनी नावही ऐकलेलं नसतं. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, डॉक्टर असतात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत. तुमचं बाळ अंगणवाडीत जात नसलं तरी पथक कधी येणार ते सेविका ताईंना विचारून त्या दिवशी घेऊन जा. तिथून जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी, म्हणजे लवकर उपचार सुरू करायच्या केंद्रात पाठवतात, तिथे फिजिओ, स्पीच, कान, डोळे, मानसतज्ज्ञ एका छताखाली असणं अपेक्षित आहे. सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात हे खरंय, एका ठिकाणी आम्हाला स्पीच थेरपिस्टच नव्हती, तरी रेफरलचा कागद तिथूनच झाला आणि तो पुढे उपयोगी पडला.

प्रायव्हेटमध्ये डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासाचे खास डॉक्टर, शोधा, नुसता थेरपी सेंटरचा बोर्ड बघून पॅकेज भरू नका. जे "सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो" म्हणतात, स्टेम सेल, खास डाएट, हजारो रुपयांची पावडर विकतात, तिथून उठून या. चांगली थेरपी करणारे आईबाबांना आत बसवतात आणि घरी काय करायचं ते शिकवतात, बाळ आत आणि आई बाहेर मोबाईल बघत असं चाळीस मिनिटं, याने फार होत नाही.

निदानाचं नाव कळायची वाट बघत थेरपी थांबवू नका. मान धरत नाही तर फिजिओ सुरू करायला एमआरआयचा रिपोर्ट लागत नाही.

इंग्लंडमध्ये असलेल्यांसाठी दोन ओळी, कारण तिथल्या मैत्रिणींचे घाबरलेले मेसेज येतात. तिकडे हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांकडे बघणाऱ्या सरकारी नर्स, ९ ते १२ महिन्यांना आणि दोन ते अडीच वर्षांना रिव्ह्यू करतात, आधी एएसक्यू-३ नावाची प्रश्नावली घरी पाठवतात. पाच विभाग, प्रत्येकी सहा प्रश्न, हो ला १०, कधीकधी ला ५, अजून नाही ला ०. पुष्कळदा गुण कमी येतात कारण बाळाने ते कधी केलेलंच नसतं, आपण आपल्या हाताने भरवतो त्यामुळे चमचा धरून खातं का याला शून्य, पण मुलाला येत नाही असं नाही, दिलंच नाही. फॉर्म भरायच्या आधी आठवडाभर प्रत्येक गोष्ट करून बघायला द्या. स्कोअर करड्या पट्ट्यात आला म्हणजे लक्ष ठेवून परत बघू एवढंच. बाळ मराठीत बोलत असेल तर मराठी शब्द मोजा आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा.

आणि आईचं काय

दिवसभर बाळाकडे बघत "हसलं का, वळलं का" तपासत राहणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, कशातच मन न लागणं, रडू येत राहणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते बाळाचं नाही, आपलं दुखणं आहे आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नवऱ्याला या लेखातलं कागद गोळा करणं आणि व्हिडिओ काढणं ही दोन कामं देऊन टाका, सगळं एकीनेच कशाला.

अपॉइंटमेंट दोन महिन्यांनी मिळाली तर तोवर हातावर हात नको. कानाची टेस्ट, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन आधीच करून ठेवा, म्हणजे पहिल्याच भेटीत काम पुढे सरकतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा परिणाम), बौद्धिक अपंगत्व यांपैकी काही निघालंच तर निरामय नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च धरतात, त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते व्हायला वेळ जातो म्हणून अर्ज लवकर टाका. सगळ्या रिपोर्टच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवा, ओरिजिनल कोणाकडे सोडून येऊ नका.